टवाळी की टीका? संगणकभाषांच्या वादांचा मागोवा

- विशेष प्रतिनिधी

सॉफ्टवेअर कंपनीत नवा मुलगा रुजू होतो. चहाच्या वेळी कोणीतरी सहज विचारते, 'आधी कशात काम करायचास?' तो 'पीएचपीत' असे सांगतो आणि टेबलाभोवती एक हसू फिरते. त्याने लिहिलेला प्रोग्राम अजून कोणी पाहिलेला नसतो. तो किती ग्राहकांच्या उपयोगी पडला, किती वर्षे बिनतक्रार चालला, हेही कोणाला ठाऊक नसते. केवळ भाषेच्या नावावरून त्याची पायरी ठरवली जाते. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला शहरात आल्यावर ज्या हसण्याला तोंड द्यावे लागते, त्याच प्रकारचे हे हसू आहे.

मात्र या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. संगणकाच्या भाषा ही माणसांनी, ठरावीक हेतूने आणि बहुधा घाईत घडवलेली साधने आहेत. त्यांत दोष असतात. काही दोषांमुळे पैशांचे व्यवहार चुकतात, काहींमुळे लाखो लोकांची खासगी माहिती उघड्यावर पडू शकते. अशा दोषांवर बोट ठेवणे हे जाणकारांचे कर्तव्यच ठरते. टवाळी नको म्हणून टीकाही बंद करावी, असे म्हणणे त्यामुळे परवडणारे नाही. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे? गेल्या सुमारे साठ वर्षांच्या इतिहासात याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

प्रत्येक भाषेचे प्रयोजन वेगळे

संगणकाला अखेर शून्य आणि एक एवढेच कळते. माणसाला सोयीच्या पद्धतीने सूचना लिहिता याव्यात आणि त्यांचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर व्हावे, यासाठी प्रोग्रामिंगच्या भाषा तयार झाल्या. त्या सर्व एकाच कामासाठी निर्माण झालेल्या नाहीत. १९५७ मध्ये आयबीएमने आणलेली फोर्ट्रान ही शास्त्रीय आकडेमोडीसाठी होती. १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेली कोबोल व्यापारी हिशेबांसाठी होती. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात बेसिक तयार केली, ती विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. निकलाउस विर्थ यांची पास्कल ही प्रामुख्याने अध्यापनासाठी, तर डेनिस रिची यांची सी ही युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्याच्या गरजेतून जन्माला आली.

भाषेविषयीचे कोणतेही मत ऐकताना हे प्रयोजन लक्षात ठेवावे लागते. बैलगाडी विमानासारखी उडत नाही, ही काही टीका नव्हे.

भाषांविषयीच्या बोलण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार आवडीनिवडीचा. पायथन या भाषेत ओळींच्या समासावरून प्रोग्रामची रचना ठरते. काहींना हे नेटके वाटते, काहींना जाचक. याचा निवाडा होण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार टीकेचा. तिच्यात दोष कोणता, तो केव्हा दिसतो आणि त्याने काय बिघडते हे सांगितलेले असते. तिसरा प्रकार टवाळीचा. तिच्यात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि तो बहुतेक वेळा भाषेविषयी नसून ती वापरणाऱ्याविषयी असतो.

एकाच शास्त्रज्ञाची दोन टिपणे

टीका आणि टवाळी यांतील फरक एकाच व्यक्तीच्या लेखनात पाहायचा असेल, तर डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्याकडे वळावे लागेल. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे डाइक्स्ट्रा हे या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानले जातात.

मार्च १९६८ मध्ये एसीएम या संस्थेच्या मासिकात त्यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. त्या काळच्या बहुतेक भाषांत 'गो टू' नावाची सूचना असे. तिच्यामुळे प्रोग्राम एका ठिकाणाहून कोठेही उडी मारू शकत असे. ही सूचना घातक आहे, असे डाइक्स्ट्रांचे म्हणणे होते. पत्राचे गाजलेले, काहीसे भडक शीर्षक मात्र त्यांचे नव्हते. ते संपादक या नात्याने विर्थ यांनी दिले होते. पत्रातील युक्तिवाद शांत आणि स्पष्ट होता. कागदावरील प्रोग्राम आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम यांच्यात जितके अंतर, तितके तो समजणे कठीण. स्वैर उड्यांमुळे हे अंतर वाढते आणि 'आता आपण कोठवर आलो' हे सांगणेच अवघड होऊन बसते.

युक्तिवाद स्पष्ट असल्यामुळे त्याला उत्तरही देता आले. १९७४ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी दीर्घ निबंध लिहून 'गो टू' कोठे टाळावी आणि कोठे ती उपयुक्त ठरते, हे उदाहरणांसह दाखवले. पुढे १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावा भाषेत हा शब्द राखून ठेवण्यात आला, पण त्याचा वापर करण्याची सोयच दिली गेली नाही. दुसरीकडे, लिनक्सच्या गाभ्यात चूक घडल्यावर आवरासावर करण्यासाठी 'गो टू' आजही शिस्तीने वापरली जाते. म्हणजे वाद झाला आणि त्यातून दोन्ही बाजूंना काहीतरी मिळाले.

याच डाइक्स्ट्रांनी १९७५ मध्ये लिहिलेले दुसरे टिपण प्रथम सहकाऱ्यांमध्ये फिरले आणि १९८२ मध्ये छापून आले. त्यात कोबोलमुळे बुद्धी पंगू होते, म्हणून ती शिकवणे हा गुन्हा समजावा, अशा आशयाचे विधान आहे. बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रामिंग शिकवणे जवळजवळ अशक्यच, कारण त्यांच्या बुद्धीची कायमची हानी झालेली असते, असेही त्यात म्हटले आहे. पुरावा दिलेला नाही. रोख भाषेवरून सरकून विद्यार्थ्यांवर आला आहे.

याच १९७५ साली मायक्रोसॉफ्टने आपले पहिले उत्पादन बाजारात आणले. ते होते घरगुती संगणकासाठी बेसिक. पुढील दशकात जगभरातील मुलांची संगणकाशी ओळख याच भाषेतून झाली. भारतातही १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पातील बीबीसी मायक्रो यंत्रांत बेसिकच होती. फिनलंडमध्ये आजोबांच्या व्हिक-२० संगणकावर बेसिकचे धडे गिरवणारा एक मुलगा पुढे लिनक्सचा जनक झाला. लिनस टोरवाल्ड्स यांचे उदाहरण पाहता १९७५ चे भाकीत निदान सरसकट तरी खरे ठरले नाही. गंमत अशी की, २००७ मध्ये याच टोरवाल्ड्स यांनी सी प्लस प्लस ही भयंकर भाषा असून ती सुमार प्रोग्रामरांना आकर्षित करते, असा शेरा मारला. ज्याची थट्टा झाली तो पुढे दुसऱ्याची करू लागतो, हे सासू-सुनेच्या गोष्टीसारखेच झाले!

टीका कशी असावी : पास्कलचे उदाहरण

१९८१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निहन यांनी पास्कल आपली आवडती भाषा का नाही, हे सांगणारा निबंध लिहिला. कर्निहन हे सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक. त्यामुळे 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' असा आरोप त्यांच्यावर सहज होऊ शकला असता. पण निबंध वाचल्यावर तो टिकत नाही.

एक तर त्यांनी पास्कल प्रत्यक्ष वापरली होती. आधी दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांचा पूर्ण संच त्यांनी एका सहकाऱ्यासह पास्कलमध्ये पुन्हा लिहून काढला होता. दुसरे, पास्कल शिकवण्यासाठी चांगली असू शकेल, आपला आक्षेप मोठ्या कामासाठी ती वापरण्याला आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. तिसरे, दोष नेमके मांडले. त्यांपैकी सर्वांत मोठा दोष असा: पास्कलमध्ये यादीची लांबी ही तिच्या प्रकाराचाच भाग मानली जाई. परिणामी, दहा आकड्यांची यादी क्रमाने लावणारा प्रोग्राम वीस आकड्यांच्या यादीला चालत नसे. हा आक्षेप कोणालाही दहा मिनिटांत पडताळून पाहता येण्याजोगा होता.

अशा आक्षेपांचे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. पास्कलच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वरच्या स्तरात यादीच्या लांबीची ही अडचण दूर करणारी सोय आली. १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने आणलेल्या टर्बो पास्कलने भाषेत व्यवहारोपयोगी भर घातली आणि ती लोकप्रिय झाली. हे सर्व एका निबंधामुळे घडले, असा दावा नाही. मात्र दोष नेमका सांगितला गेला की तो दुरुस्त करता येतो. केवळ 'भिकार भाषा' म्हटल्याने काय दुरुस्त करायचे, हे कळत नाही.

स्वत:च्या चुकीची कबुली

टीका करणाऱ्याचा अधिकार कशाने वाढतो? ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांचे उदाहरण बोलके आहे. १९८० चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी घडत असलेल्या एडा या भाषेवर कठोर टीका केली. भाषा अति गुंतागुंतीची झाल्याने जिथे विश्वासार्हतेवर जीव अवलंबून आहेत तिथे ती आहे त्या स्थितीत वापरू नये, असा त्यांचा इशारा होता. पण त्याआधी त्याच भाषणात त्यांनी आपल्याच देखरेखीखाली फसलेल्या एका मोठ्या प्रकल्पाची हकिगत सांगितली होती.

पुढे २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी आणखी एक कबुली दिली. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी त्यांनी 'नल' ही कल्पना आणली होती. नल म्हणजे 'येथे काहीच नाही' असे दर्शवणारी खूण. त्या खुणेची तपासणी करायला प्रोग्रामर विसरला की प्रोग्राम कोसळतो. ही आपली अब्ज डॉलरची चूक, असे होअर म्हणाले. अलीकडच्या कोटलिन, स्विफ्ट, रस्ट या भाषांत नलविषयी जी सक्त खबरदारी घेतलेली दिसते, ती या अनुभवातूनच आली आहे.

पीएचपी : हसण्याआडचे तथ्य

गेल्या पंचवीस वर्षांत सर्वाधिक टवाळी वाट्याला आलेल्या भाषांमध्ये पीएचपीचा क्रमांक वरचा लागेल. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती स्वत:च्या वेबपानांसाठी बनवलेल्या छोट्या साधनांचा संच होती. भाषा घडवण्याचा आराखडा त्यामागे नव्हता. साहजिकच तिच्यात विसंगती राहिल्या.

त्यांपैकी काही खरोखरच धोकादायक होत्या. 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाच्या सोयीमुळे संकेतस्थळाच्या पत्त्यात लिहिलेली कोणतीही गोष्ट आपोआप प्रोग्राममधील व्हेरिएबल बनत असे. प्रोग्रामर गाफील राहिला, तर पत्त्याच्या शेवटी चार अक्षरे जोडून एखाद्याला व्यवस्थापकाचे अधिकार मिळवता येत. यावर वारंवार टीका झाली. २००२ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवण्यात येऊ लागली आणि २०१२ मध्ये ती भाषेतून काढून टाकण्यात आली. तसेच, शून्य हा आकडा आणि कोणताही शब्द यांची तुलना केल्यास ते समान आहेत, असे उत्तर ही भाषा देत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत हे बदलले.

म्हणजे पीएचपीवरील टीका खरी होती आणि ती फळालाही आली. टवाळीची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या दोषावरून आजच्या प्रोग्रामरला हसले जाते. विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी आणि असंख्य लहानमोठ्या संकेतस्थळांचा आधार असलेले वर्डप्रेस, दोन्ही पीएचपीतच लिहिलेले आहेत, याची हसणाऱ्याला आठवण राहत नाही. टीकेला तारीख असते. टवाळी मात्र वर्षानुवर्षे तीच ती राहते.

चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेली टवाळी

जावास्क्रिप्टची कहाणीही अशीच. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला नमुना तयार केला. या घाईच्या खुणा तिच्यावर राहिल्या. मजकूर म्हणून लिहिलेल्या पाचात आकडा तीन मिळवला तर उत्तर त्रेपन्न येते, पण वजा केला तर दोन येते! २०१२ मध्ये गॅरी बर्नहार्ट यांनी अशाच विक्षिप्तपणांवर केलेले चारेक मिनिटांचे भाषण खूप गाजले. त्यातील प्रत्येक उदाहरण खरे होते. श्रोते हसले, पण जाताना काहीतरी शिकूनही गेले.

मात्र याच भाषेची एक थट्टा साफ चुकीची आहे. शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज जावास्क्रिप्ट अचूक ०.३ न देता ०.३०००००००००००००००४ अशी देते, म्हणून तिला हसतात. वस्तुत: नेहमीच्या दशांश संख्यांसाठी हेच गणित पायथन, जावा आणि सी याही भाषांत होते. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवताना ही बारीक तफावत अटळ असते आणि ती १९८५ च्या एका सर्वमान्य मानकानुसार येते. दोष असलाच तर तो मानकाच्या निवडीचा. पैशांच्या हिशेबासाठी वेगळी दशांश पद्धत वापरायला हवी, हा त्यातील खरा धडा. आणि अशी पद्धत पूर्वीपासून अंगभूत असलेली भाषा कोणती, तर जिची 'म्हातारी' म्हणून चेष्टा होते ती कोबोल.

कोबोलचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

कोबोलशी आपल्या शहरांचे जवळचे नाते आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'वायटूके'चे काम भारतीय कंपन्यांकडे आले, तेव्हा मुंबई-पुण्यातील असंख्य तरुणांनी कोबोलचे जुने प्रोग्राम ओळीओळीने तपासून काढले. त्यावेळी वर्ष दोनच अंकांत लिहिल्याचे खापर अनेकांनी कोबोलवर फोडले. प्रत्यक्षात संगणकाची स्मृती महाग असलेल्या काळात जागा वाचवण्यासाठी माणसांनी घेतलेला तो निर्णय होता. चार अंकी वर्ष लिहिण्यास कोबोलने कधीच मनाई केली नव्हती.

एप्रिल २०२० मध्ये असाच प्रकार अमेरिकेत घडला. करोनाच्या साथीत बेकारभत्त्यासाठी अर्जांचा पूर आला, यंत्रणा कोलमडल्या आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले. साठ वर्षांची भाषा कुचकामी ठरली, असा बोभाटा झाला. मात्र तंत्रज्ञानाच्या इतिहासकार मार हिक्स यांनी त्याच वर्षी दाखवून दिले, की चूक अर्ज भरण्याच्या संकेतस्थळात होती आणि ते कितीतरी नव्या अशा जावात लिहिलेले होते. यंत्रणेची वर्षानुवर्षे झालेली हेळसांड आणि अनुभवी माणसांची कपात यांची चर्चा मात्र भाषेच्या वयावर बोट दाखवले की टळते. टवाळीचा हा तोटा सहसा लक्षात येत नाही: ती खऱ्या जबाबदाराला मोकळे सोडते.

निळ्या पडद्याची आठवण

आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी 'सी म्हणजे जुनाट भाषा' हे मत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बनवले. तेथे निळ्या पडद्याचा टर्बो सी असे. हे बोरलँडचे १९९० च्या सुमाराचे साधन नव्या शतकातही अनेक प्रयोगशाळांत टिकून राहिले. त्यात पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७ होती. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चे. त्याच्याही आधीचे साधन वापरून विद्यार्थी ती भाषा शिकत होते. नोकरी लागल्यावर कळे, की शिकलेल्यापैकी बरेच काही चालतच नाही.

येथे टीकेला भरपूर वाव आहे, पण ती अभ्यासक्रमावर आणि साधनावर व्हायला हवी. भाषा, तिचा कम्पायलर, तिच्यासोबत मिळणारे तयार प्रोग्राम आणि ती शिकवण्याची पद्धत या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की टीका भरकटते.

अंगण कधी खरेच वाकडे असते

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण प्रत्येक भाषेचे अभिमानी हाताशी ठेवतात. चांगला प्रोग्रामर कोणत्याही भाषेत चांगलेच लिहील, असे ते म्हणतात. हे अर्धसत्य आहे. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत स्मृतीची व्यवस्था प्रोग्रामरकडे असते. राखून ठेवलेल्या जागेच्या पलीकडचे वाचण्यास भाषा आपणहून अडवत नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष नेमका असाच होता. सुरक्षित संपर्कासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये तो होता आणि ते लिहिणारे नवखे नव्हते. आपल्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरवापराचे असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. क्रोमियम ब्राउझरच्या गंभीर सुरक्षादोषांबाबत २०२० मध्ये दिलेला आकडाही जवळपास तेवढाच होता.

इतक्या ठिकाणी, इतक्या कुशल माणसांकडून तीच चूक होत असेल, तर दोष केवळ माणसांचा म्हणता येत नाही. ही टीका आहे आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. याच विचारातून मोझिलामध्ये वाढलेली रस्ट ही भाषा २०१५ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचली आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिला प्रवेश मिळाला. परंतु येथेही टवाळी सुटली नाही. रस्टचे काही उत्साही समर्थक सी वापरणाऱ्यांना मागास ठरवू लागले, तर काही जुन्या मंडळींनी रस्टला नवा पंथ म्हणून हिणवले. ऑगस्ट २०२४ मध्ये लिनक्समधील रस्टच्या कामाची धुरा वाहणाऱ्यांपैकी एकाने तंत्राशी संबंध नसलेल्या कटकटींना कंटाळून जबाबदारी सोडली. काम जाणणारा एक माणूस कमी झाला आणि तांत्रिक प्रश्न होता तिथेच राहिला.

मोजमापाची अडचण

कोणती भाषा चांगली, हे मोजून ठरवता येणार नाही का? तसा प्रयत्न झाला आहे. २०१४ मध्ये काही संशोधकांनी गिटहबवरील ७२९ प्रकल्प आणि १७ भाषांचा अभ्यास करून भाषा आणि प्रोग्राममधील चुका यांचा संबंध जोडला. काही भाषांचे अभिमानी त्यावर खूश झाले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली. माहितीच्या वर्गीकरणातील चुका दूर केल्यावर मूळ निष्कर्षांपैकी बहुतेक टिकले नाहीत. अवघ्या चार भाषांबाबत संबंध उरला, तोही अतिशय क्षीण. भाषेचा काहीच परिणाम होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. प्रकल्पाचा आकार, त्याचे वय, माणसांचा अनुभव यांतून भाषेचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे, एवढेच यातून दिसते. 'अमुक भाषा वाईटच' असे ठासून सांगणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे.

टवाळीची किंमत

थट्टेने कोणाचे काय बिघडते, असे विचारले जाते. २०१५ मध्ये ऑरिन शॉ यांनी याच विषयावर लिहिताना या वृत्तीला 'तिरस्काराची संस्कृती' म्हटले. विशिष्ट भाषांना नावे ठेवणे हा आपण आतल्या वर्तुळातले आहोत, हे दाखवण्याचा मार्ग बनतो आणि सोप्या वाटेने या क्षेत्रात आलेली माणसे, त्यांत अनेक स्त्रिया, त्यामुळे बाहेर ढकलली जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते आपल्यालाही लागू पडावे. महागडे शिक्षण न घेता, घरातल्या जुन्या संगणकावर किंवा गल्लीतल्या क्लासमध्ये जी भाषा मिळाली ती शिकून पुढे आलेली मुले आपल्याकडे थोडी नाहीत. त्यांनी कोणत्या दरवाजातून प्रवेश केला, यावरून त्यांची पारख करणे अन्यायाचे आहे.

शब्दांचा परिणाम इतरांच्याही ध्यानात आला असावा. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत पूर्वी 'सर्वाधिक धास्तीच्या' भाषांची यादी असे. २०२३ पासून तो शब्द गेला. त्याजागी भाषेला असलेली पसंती आणि ती वापरण्याची इच्छा यांची नोंद होऊ लागली.

म्हणून विनोद हद्दपार करावा, असे मात्र नाही. १९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची विडंबनात्मक भाषा तयार केली. तिच्यात 'प्लीज' पुरेशा वेळा न म्हटल्यास प्रोग्राम उद्धट म्हणून नाकारला जातो आणि फार वेळा म्हटल्यास लाळघोटेपणा म्हणून! येथे थट्टा साऱ्या भाषाकारांची आहे, कोणा एका शिकाऊ माणसाची नाही. म्हणूनच ती इतक्या वर्षांनीही हसवते.

चौकट : मत ऐकताना विचारावे असे सहा प्रश्न

१. आवृत्ती कोणती? दाखवलेला दोष आजही आहे, की काही वर्षांपूर्वीच दूर झाला?

२. काम कोणते? भाषा ज्यासाठी घडली त्याच कामात ती कमी पडते, की भलत्याच?

३. दोष नेमका कोठे? भाषेत, कम्पायलरमध्ये, अभ्यासक्रमात की कामाच्या नियोजनात?

४. पडताळा घेता येतो का? चार ओळींचे उदाहरण देता येत नसेल, तर ते बहुधा मत आहे, टीका नव्हे.

५. दुरुस्तीची किंमत किती? जुने लाखो प्रोग्राम बंद न पाडता बदल शक्य आहे का?

६. रोख कोणावर? वाक्यातून भाषेचे नाव काढून माणसाचे नाव घातले तरी अर्थ तोच राहत असेल, तर ती टवाळी समजावी.

सी प्लस प्लसचे जनक बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या मते भाषा दोनच प्रकारच्या असतात: लोक जिच्याविषयी कुरकुर करतात ती आणि जी कोणी वापरतच नाही ती. कुरकुर होणार, हे खरेच. ती नेमकी असेल, तर पुढची आवृत्ती सुधारते. चहाच्या टेबलावरील त्या नव्या मुलालाही 'पीएचपीत? कोणती आवृत्ती? काय बनवले होते?' असे विचारता येईल. कदाचित तो त्या भाषेचे असे दोन खरे दोष सांगेल, जे हसणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते.